गाडीला पेट्रोलचा वास येतोय? आधी तो कधी येतो ते बघा

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. तापमान वाढणार आहे, टाकी फुल करू नका, अर्धीच भरा, नाहीतर स्फोट होईल, असा त्याचा आशय असतो. खाली इंडियन ऑइलचं नाव टाकलेलं असतं. मुखेडपासून मुंबईपर्यंत प्रत्येक फॅमिली ग्रुपवर तो दरवर्षी नव्याने येतो.

इंडियन ऑइलने हा मेसेज एकापेक्षा जास्त वेळा खोडून काढला आहे. गाडी बनवणारी कंपनी टाकीची कमाल मर्यादा ठरवते. तिथपर्यंत इंधन भरणं हिवाळा असो की उन्हाळा, सुरक्षित आहे, असं कंपनीने स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे मेसेज खोटा.

पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसतो, पार्किंगमध्ये वास दरवळतो, हे खोटं नाही. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेला असलेल्या मुखेडसारख्या तालुक्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. नांदेड सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर, आणि लातूर, उदगीर, देगलूर कुठेही जायचं तरी रस्त्यानेच. दहा-पंधरा वर्षं जुनी मोटारसायकल, शेतातला ट्रॅक्टर, काळी-पिवळी जीप आणि एखादी सेकंड हँड कार यांच्यावर इथलं बहुतेक घर चालतं. अशा गाडीला वास येऊ लागला की दोन गोष्टी होतात. एकतर ‘जुनी गाडी आहे, वास येणारच’ म्हणून दुर्लक्ष केलं जातं, किंवा गॅरेजमध्ये एकामागून एक पार्ट बदलत जातात आणि वास तसाच राहतो.

वास नेमका कुठून येतो हे शोधायला महागडं मशीन लागत नाही. तो कधी येतो याची चार दिवस नोंद ठेवली तरी निम्मं काम होतं.

वास येतो म्हणजे काय होतं?

पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. ही वाफ पेट्रोलमधून उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी निघत असते. त्यामुळे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत पेट्रोल सांडलं की वाफ तयारच असते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्का झालं तरी एक ठिणगी पुरते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. घराच्या ओसरीत उभ्या केलेल्या गाडीचं पेट्रोल गळत असेल आणि शेजारच्या खोलीत चूल किंवा गॅस पेटलेला असेल, तर धोका गाडीपाशी नसून चुलीपाशी असतो.

डिझेल तुलनेने सुरक्षित मानलं जातं आणि ते खरंही आहे. पण त्यातही एक मेख आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ३५ अंश असायला हवं. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी सावलीतलं तापमानच त्याहून जास्त असतं, बॉनेटखालचं तर विचारूच नका. ‘डिझेल आहे, काही होत नाही’ हे वाक्य पुण्या-मुंबईपेक्षा इथे जास्त जपून वापरायला हवं.

मोटारसायकल: कॉक बंद करून बघा

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. पण गावाकडे रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत अजूनही कार्बोरेटरवाल्या भरपूर आहेत. त्या गाड्यांना टाकीखाली पेट्रोल कॉक असतो, आणि तोच सगळ्यात चांगला तपासनीस.

रात्री गाडी लावताना कॉक बंद करा, खाली एक कोरा पुठ्ठा टाका. सकाळी वासही नाही आणि पुठ्ठ्यावर डागही नाही, तर गळती कॉकच्या खाली, म्हणजे नळीत किंवा कार्बोरेटरमध्ये आहे. कॉक बंद असूनही वास आला तर टाकी, टाकीचं झाकण किंवा खुद्द कॉक यांच्यापैकी कोणीतरी दोषी. एका रात्रीत शोध निम्म्यावर येतो. ऑटोमॅटिक कॉक असलेल्या स्कूटरना मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे पुठ्ठ्यावरच्या डागाच्या जागेवरूनच अंदाज घ्यावा लागतो.

कार्बोरेटरमध्ये बहुतेक वेळा गडबड असते ती नीडलची. आत एक फ्लोट पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की तो वर सरकतो आणि टोकदार नीडल वाट बंद करते. नीडल झिजली किंवा तिच्या टोकाशी कचऱ्याचा एक कण अडकला की वाट पूर्ण बंद होत नाही. मग जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली ठिबकतं. फ्लोट चेंबर उघडून साफ केलं, नीडल बदलली की बहुतेकदा काम होतं. खर्चही फार नाही.

हेच पेट्रोल बाहेर न पडता इंजिनमध्ये उतरलं तर मात्र प्रकरण वेगळं. इंजिन ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली, ऑइल पातळ झालं आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर किक मारू नका. पेट्रोल मिसळलेलं ऑइल वंगणाचं काम करत नाही आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं असेल तर पिस्टन अडकून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी गळती बंद करायची, मग ऑइल बदलायचं. उलट क्रमाने केलं तर नवं ऑइलही वाया जातं.

इंजेक्शनवाल्या गाडीचं गणित निराळं. इथे टाकीतला पंप पेट्रोलला दाब देऊन पुढे ढकलतो. दाब साधारण अडीच-तीन बार, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद ‘झूं’ असा आवाज येतो तो याच पंपाचा. चावी लावल्याबरोबर वास येत असेल आणि बंद केल्यावर हळूहळू कमी होत असेल, तर दाबाखालच्या भागात गळती आहे असं समजावं. बाजारात मीटरवर मिळणारी साधी रबरी नळी आणि तारेची क्लिप इथे चालत नाही. ती कार्बोरेटरला पुरेशी होती, कारण तिथे पेट्रोल नुसतं उतारावरून खाली येत होतं. इंजेक्शनच्या गाडीला ही नळी लावून देणारे कमी नाहीत, पण दोन महिन्यांत ती फुगते आणि पेट्रोलची चिळकांडी थेट गरम इंजिनवर उडते. गाडी बंद केल्यावरही नळीत दाब शिल्लक असतो, म्हणून ती घरी उपटून बघण्याचा उद्योग करू नये.

टाकी फुल केल्यावरच वास येतो, असं का?

पेट्रोल तापलं की प्रसरण पावतं. जमिनीखालच्या टाकीतून भरलेलं १० लिटर पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापलं तर जवळपास पाव लिटरला थोडं कमी इतकं वाढतं. टाकीत वरची रिकामी जागा कंपनीने याचसाठी सोडलेली असते. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर गाडी हलवून हलवून ‘अजून शंभरचं बसतंय बघ’ म्हणत भरलं, की ही जागा संपते. मग साइड स्टँडवर तिरक्या उभ्या केलेल्या गाडीच्या झाकणातून पेट्रोल बाहेर येतं आणि टाकीवरचा रंगही उडवतं.

कारमध्ये याची एक ठळक नोंद आहे. एप्रिल २०१४ मध्ये मारुती सुझुकीने अर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर मिळून १,०३,३११ गाड्या परत बोलावल्या. इंधन भरण्याच्या नळीत, म्हणजे फिलर नेकमध्ये दोष होता. नोझल आपोआप थांबल्यानंतरही पुढे इंधन भरलं तर वास येऊ शकतो आणि टोकाच्या परिस्थितीत गळती होऊ शकते, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. त्याआधी फेब्रुवारी २०१० मध्ये याच कंपनीने सुमारे १ लाख ए-स्टार गाड्या इंधन पंपाच्या गॅस्केटमधून होणाऱ्या गळतीसाठी परत बोलावल्या होत्या.

व्हॉट्सॲपवरचा मेसेज आणि ही हकीकत शेजारी ठेवली की फरक कळतो. टाकी मर्यादेपर्यंत भरण्यात धोका नाही. नोझल थांबल्यावर गळ्यापर्यंत भरण्यात आहे. आणि टाकी अर्धी ठेवल्याने सुरक्षितता वाढत नाही, कारण रिकाम्या जागेत वाफच भरलेली असते.

कारमध्ये फुल टाकीनंतर वास येऊन टाकी पाऊण झाली की थांबत असेल, तर शोध टाकीच्या वरच्या भागात घ्यायचा: झाकणाचं रबर, फिलर नेक, तिथली हवेची बारीक नळी आणि पंपाचं गॅस्केट. अनेक गाड्यांत हा पंप मागच्या सीटखाली असतो. त्यामुळे वास पुढे न येता मागे बसलेल्यांना आधी येतो, आणि ड्रायव्हर म्हणतो ‘मला तर काही येत नाही’. नव्या गाड्यांमध्ये टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर असतो. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल त्यात शिरलं तर तो कायमचा निकामी होऊ शकतो.

वास फक्त थंडीतल्या पहाटे येत असेल आणि गाडी गरम झाल्यावर जात असेल, तर कडक झालेल्या नळ्या आणि इंजेक्टरच्या रबरी रिंगांवर संशय घ्यावा. थंडीत रबर आक्रसतं, गरम झालं की पुन्हा बसतं. अशी गाडी दुपारी गॅरेजला नेली तर मेकॅनिकला काहीच सापडत नाही. ती रात्रभर गॅरेजमध्येच ठेवावी लागते.

आणि एक गुन्हेगार असा की त्याचं नाव कुठल्याही मॅन्युअलमध्ये ठळक छापलेलं नसतं: उंदीर. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या पोत्यांशेजारी कार उभी राहते, उबेला उंदीर बॉनेटमध्ये शिरतो आणि वायरिंगसोबत नळीही कुरतडतो. कुरतडलेली वायर आणि गळकी नळी एकाच जागी, याहून वाईट जोडी नाही.

ई२० पेट्रोलमुळे नळ्या खराब होतात का?

देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं. त्यानंतर सोशल मीडियावर ‘ई२०ने गाडी जळाली’ छापाचे व्हिडिओ आणि ‘काहीही होत नाही’ छापाची उत्तरं, दोन्हींचा पाऊस पडला. वस्तुस्थिती मधली आहे.

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे इंधनाच्या संपर्कातले भाग ई२०ला टिकतील अशा साहित्याचे असतात. त्याआधीच्या गाड्यांबद्दल पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं होतं की काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो, आणि हा बदल स्वस्तात, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतो. इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवतं. पुढे ते वाळलं की त्याला तडे जातात. म्हणून दहा-बारा वर्षांची गाडी वापरणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही, पण पेट्रोलची नळी, कॉकचं वायसर आणि कार्बोरेटरचं पॅकिंग एकदा बदलून घेणं शहाणपणाचं. नळी बोटांत वाकवून बघा. पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या की तिचे दिवस भरले.

इथेनॉलचा दुसरा गुण म्हणजे ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाण्याचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि इंजिनला नेमका तळाचाच माल मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या परिसरातल्या रावणगाव, हसनाळ या गावांत पुराचं पाणी शिरलं. अशा पुरात बुडालेली गाडी सुकवून, प्लग बदलून सुरू होते आणि मालक निर्धास्त होतो. पण टाकीत शिरलेलं पाणी पत्र्याला आतून गंज लावत राहतं. पुढे कधीतरी टाकीच्या खालच्या शिवणीला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि वास सुरू होतो. पुरात बुडालेल्या गाडीची टाकी पूर्ण रिकामी करून धुवून घेणं हे सुरू करण्याआधीचं काम आहे.

छिद्राला साबण, एम-सील आणि वेल्डिंग

टाकी गळायला लागली की छिद्रावर अंगाचा साबण घासण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते. पेट्रोलमध्ये साबण सहज विरघळत नाही, म्हणून ती थोडा वेळ चालते. घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत पोहोचायला ठीक. पहिल्या पावसात ती धुऊन जाते. एम-सीलने काही दिवस निघतात, पण गंजलेला पत्रा शेजारीच पुन्हा फुटतो.

खरा जिवाचा खेळ आहे तो टाकी वेल्डिंगला देण्यात. ‘पेट्रोल सगळं काढलंय’ हे वाक्य इथे फसवं आहे. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त धोकादायक असते, कारण तिच्यात पेटायला लागणारं वाफ आणि हवेचं मिश्रण असतं. ठिणगी लागली की टाकी बॉम्बसारखी फुटते. रिकामी करून दोन दिवस उन्हात ठेवली तरी गंजात आणि शिवणीत मुरलेलं पेट्रोल गरम होताच पुन्हा वाफ सोडतं. टाकी आतून गरम पाणी आणि डिटर्जंटने अनेकदा धुवून, डागाच्या जागेपर्यंत पाण्याने भरूनच हे काम अनुभवी माणसं करतात. दुचाकीच्या बाबतीत त्यापेक्षा दुसरी टाकी बसवणं बरं. पैसे जास्त जातात, पण सौदा स्वस्तच आहे.

टाकीत किती पेट्रोल आहे ते बघायला काडीपेटी किंवा लायटर लावणारे आजही आहेत. मोबाइलचा टॉर्च प्रत्येकाच्या खिशात असताना.

ट्रॅक्टर: गळत नाही, पण हवा घेतो

डिझेल इंजिनमध्ये एक विचित्र प्रकार होतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढलं जातं. या भागात फट असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. त्यामुळे थेंबही दिसत नाही, पण ट्रॅक्टर चालता चालता दम तोडतो, सकाळी सुरू व्हायला त्रास देतो. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, पंप मारून एअर काढली जाते आणि गाडी चालते. रोज एअर काढावी लागत असेल तर आजार नळीच्या जोडात, तांब्याच्या वायसरमध्ये किंवा फिल्टरच्या पॅकिंगमध्ये आहे. तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही. तो दरवेळी नवा टाकायचा असतो.

पंपाच्या पुढे, नोझलपर्यंतच्या स्टीलच्या नळ्यांत मात्र प्रचंड दाब असतो. तिथली गळती बोट लावून शोधू नये. डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आतला भाग मात्र सडू शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठावं. तपासणी पुठ्ठा धरून करावी.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत ही गळती जास्त महागात पडते. मळणी यंत्राशेजारी ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी चालतो, सायलेन्सर लाल होण्याइतका तापतो, आणि चहूबाजूंनी कोरडं भुसकट उडत असतं. त्यात इंजिनवर डिझेलने भिजलेल्या भुसकटाचा थर साचला की आगीला फार काही लागत नाही. दिवसातून दोनदा इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन तो थर झाडला तर खळ्यावरची आग टळू शकते.

सायलेन्सरचा वास काय सांगतो?

सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास आणि काळा धूर येत असेल तर पेट्रोल पूर्ण जळत नाही. चोक ओढलेला राहिला, एअर फिल्टर धुळीने बंद झाला, प्लग कमजोर झाला किंवा इंजेक्टर गळतोय. ॲव्हरेज घटलेला असतोच. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाट पांढरा धूर आणि गोडसर वास म्हणजे कूलंट आत शिरतंय, हेड गॅस्केट तपासा.

सडक्या अंड्याचा वास आला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडल्याची शक्यता असते. पण त्याआधी बॅटरीला हात लावून बघा. जास्त चार्ज होणारी बॅटरीही हाच वास सोडते, आणि तिच्यातून निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो. बॅटरी गरम आणि फुगलेली असेल तर इंजिन बंद करून दूर व्हायचं. कन्व्हर्टर महाग आहे. बॅटरी न तपासता तो बदलून घेणाऱ्याचा खिसा उगाच रिकामा होतो.

दुचाकी उतारावर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज होत असेल, इंजिनला जोडलेल्या बेंड पाइपच्या जोडाशी काळी काजळी दिसत असेल, तर तिथलं गॅस्केट गेलं आहे. मोटारसायकलवर हा त्रास फक्त आवाजाचा. बंद कारमध्ये तोच जीव घेतो.

ज्याला वासच नाही

आतापर्यंत नाक मदतीला होतं. इंजिनच्या धुरातल्या सगळ्यात घातक वायूपुढे ते निकामी ठरतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूला घट्ट धरून ठेवतं. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं प्रवासाचा थकवा आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसतो आणि आकडा नॉर्मल दाखवू शकतो.

गळका सायलेन्सर असलेली कार, काचा बंद, आणि एसी चालू ठेवून झोपलेली माणसं, ही याची नेहमीची मांडणी. दुसरी मांडणी मराठवाड्यात रोज रस्त्यावर दिसते. काळी-पिवळी जीप किंवा कारचं मागचं दार उघडं ठेवून, सामान आणि माणसं कोंबून प्रवास. गाडी पुढे धावताना मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर उघड्या दारातून आत ओढला जातो. मागच्या बाकावरची मुलं ‘गाडी लागली’ म्हणून उलट्या करतात, तेव्हा कारण नेहमी वळणंच असतात असं नाही.

तिसरी मांडणी विहिरीत. खोलीकरण करताना किंवा गाळ काढताना पाणी उपसायला इंजिन खाली उतरवलं जातं. धुराला वर यायला वाट नसते, तो तळाशी साचतो. खाली गेलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसरा पडतो, मग तिसरा. इंजिन काठावरच ठेवायचं आणि पाइप खाली सोडायचा, याला पर्याय नाही. खाली कोणी पडलाच तर दोर बांधल्याशिवाय, श्वासाच्या उपकरणाशिवाय कोणीही उतरू नये. ११२ किंवा १०१ला फोन करावा. हाच नियम बंद खोलीतल्या जनरेटरलाही लागू.

एका ठिकाणी डोकं दुखतं आणि मोकळ्या हवेत आलं की कमी होतं, तेही एकाच वेळी दोघा-तिघांना, असं झालं तर थकव्याला दोष न देता इंजिन बंद करावं, सगळ्यांना बाहेर काढावं आणि १०८ला फोन करून धुराचा संबंध आवर्जून सांगावा.

गॅसवर चालणारी गाडी

सीएनजी आणि एलपीजी या दोन्हींना स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर जातो. एलपीजी जड, खाली साचतो. म्हणून एलपीजीच्या गळतीत खिडक्यांपेक्षा दारं उघडणं महत्त्वाचं. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का हे बघणं ही दोन्हींसाठी जुनी आणि भरवशाची पद्धत.

सीएनजीची टाकी २०० बारच्या आसपासच्या दाबाला भरलेली असते. तिची हायड्रोटेस्ट दर ३ वर्षांनी करून घेणं बंधनकारक आहे. टाकीवर कोरलेली किंवा पट्टीवर लिहिलेली तारीख सेकंड हँड गाडी घेताना आधी वाचावी. घरगुती सिलिंडरमधला गॅस गाडीत भरणं बेकायदा तर आहेच, शिवाय रस्त्याकडेला मोटार लावून तो भरताना प्रत्येक जोड गळत असतो. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा २४ तास चालणारा क्रमांक आहे.

रस्त्यात अचानक वास आला तर

गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, कॉक असेल तर तोही. सगळ्यांना उतरवून दूर न्या. बॉनेटखालून धूर येत असेल तर ते पूर्ण उघडू नका, आत हवा गेली की आग भडकते. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. माती, वाळू किंवा कोरड्या पावडरचं अग्निशामक वापरायचं. आग इंजिनच्या पुढे सरकली असेल तर गाडीचा मोह सोडायचा.

नव्या गाडीला असा वास येत असेल तर गॅरेजच्या आधी कंपनीला विचारावं. वाहन उत्पादकांची संघटना सियामच्या वेबसाइटवर परत बोलावलेल्या गाड्यांची माहिती मिळते. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाडीतल्या सुरक्षेच्या दोषाची तक्रार मालकाला सरकारच्या वाहन पोर्टलवर करता येते. पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला ती गाडी परत बोलावून मोफत दुरुस्त करायला लावू शकतं. तक्रारीत वास कधी येतो, टाकी किती भरलेली असताना येतो आणि डाग कुठे पडतो, हे फोटोंसह लिहावं.